एकेरी सुटली, खेळ सुटला नाही

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आता दुसरं काहीतरी बघावं लागेल." डॉक्टरकीचे गुण थोडक्यात हुकलेले असतात, पोलीस भरतीच्या धावण्यात पाय मुरगळलेला असतो, नाहीतर घरची परिस्थिती आडवी आलेली असते. कारण काहीही असो, ते वाक्य म्हणतानाचा आवाज मात्र सगळीकडे सारखाच असतो, पडलेला. हातून गेलं तेच खरं होतं आणि आता उरलंय ते कसेतरी दिवस काढण्यापुरतं, असा त्याचा सूर असतो. मुलांना तो सूर बरोबर कळतो.

या महिन्यात आम्ही या 'दुसऱ्या काहीतरी'बद्दल लिहायचं ठरवलं आहे. त्यासाठी उदाहरण घेतलं आहे सानिया मिर्झाचं. तिचं नाव आपल्यापैकी सगळ्यांनाच माहीत आहे. तिचे फोटो, मुलाखती, तिच्याबद्दलचे वाद हेही सगळ्यांनी पाहिले-ऐकले आहेत. पण तिने टेनिसमध्ये नेमकं काय मिळवलं असं विचारलं तर बहुतेक जण थोडे अडखळतात. तिच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत आणि ती सहाच्या सहा जोडीने खेळून मिळवलेली आहेत. तीन महिला दुहेरीतली, तीन मिश्र दुहेरीतली. एकट्याने खेळायच्या एकेरीत तिला ग्रँड स्लॅम कधीच मिळालं नाही. २०१३ साली तिने एकेरी सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आता हिची कारकीर्द उतरणीला लागली, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं. प्रत्यक्षात तिचा सर्वांत मोठा काळ त्यानंतर आला. तो कसा आला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी पहिल्या वाटेबद्दल. सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी आपल्या मुंबईत झाला, पण ती वाढली हैदराबादेत. सहाव्या वर्षी तिच्या हातात रॅकेट आली. इतक्या लहान मुलीला काय शिकवायचं म्हणून प्रशिक्षकाने सुरुवातीला नकार दिला होता, आणि महिन्याभराने त्यानेच आईवडिलांना बोलावून तिचा खेळ बघायला सांगितलं, ही हकिकत तिने स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्या काळी मुलींनी टेनिसमध्ये कारकीर्द करावी असं वातावरण देशात नव्हतं. डोळ्यांसमोर ठेवावी अशी भारतीय महिला खेळाडू जागतिक क्रमवारीत वरच्या जागी नव्हतीच. वडील इम्रान मिर्झा हेच पुढे तिचे प्रशिक्षक झाले आणि आई नसीमा तिच्याबरोबर गावोगाव, देशोदेशी फिरली.

२००५ हे वर्ष तिला घरोघरी पोहोचवणारं ठरलं. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत ती सेरेना विल्यम्सशी खेळली. हरली, पण दुसऱ्या सेटमध्ये चांगली झुंजली. फेब्रुवारीत तिने हैदराबादची स्पर्धा जिंकली. डब्ल्यूटीए म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिसची जागतिक संघटना. त्या मालिकेतली एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये चौथी फेरी. २००७ च्या ऑगस्टमध्ये ती जगात २७ व्या क्रमांकावर होती. कुठल्याही भारतीय महिलेने एकेरीत त्याआधी एवढी उंची गाठली नव्हती.

ही झाली पहिली वाट. ती बंद केली ती शरीराने. सानियाची ताकद तिच्या फोरहँडमध्ये. उजव्या हाताने मनगटाच्या झटक्यासह मारलेला तो फटका भल्याभल्यांना परतवता येत नसे. पण जो सांधा तो फटका देत होता, त्याच सांध्याने दगा दिला. गुडघ्यांचं दुखणं होतंच, त्यात मनगटाची भर पडली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये एकेरीचा सामना तिला मनगट धरून अर्ध्यावर सोडावा लागला. शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत केसांतून कंगवासुद्धा फिरवता येत नसे, असं तिने नंतर सांगितलं. विशी ओलांडलेल्या मुलीची ही अवस्था, आणि पोट ज्या हातावर चालतं तोच हात. एकेरीत एक सामना दोन-अडीच तास चालतो, कोर्टभर एकटीने धावायचं, आणि जिंकलात तर एका दिवसाआड पुन्हा तेच. वर्षातले दहा महिने. तिचे गुडघे आणि मनगट हा भार पेलू शकत नव्हते.

आता इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की दुहेरी म्हणजे एकेरीचाच सोपा प्रकार असं आपण धरून चालतो. दोघी खेळणार म्हणजे काम निम्मं, असा हिशेब. हा हिशेब कोर्टावर लागू पडत नाही. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद असतं. दुहेरीत दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे जोडले जातात आणि रुंदी ३६ फूट होते. लांबी तीच, ७८ फूट. पण तेवढ्याच लांबीत आता समोर दोघी उभ्या असतात आणि त्यांतली एक बहुधा जाळीला चिकटून. एकेरीत जो फटका सुरक्षित म्हणून मारता येतो, तोच इथे जाळीपाशी उभ्या खेळाडूच्या रॅकेटवर अलगद जाऊन बसतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमच्या पायांशी येऊन आदळतो. म्हणजे धावणं कमी झालं, पण विचार करायला मिळणारा वेळ त्याहूनही कमी झाला.

दुहेरीचा सामना पुन्हा टीव्हीवर लागला तर एक गोष्ट जरूर बघा. सर्व्हिस करणारीची साथीदार जाळीपाशी उभी असते आणि पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करत असते. सर्व्हिस कुठे टाक, त्यानंतर मी जागेवर थांबणार की पलीकडे झेपावणार, हे ती सांगत असते. मागचीने ते वाचायचं आणि त्याप्रमाणे आपली जागा बदलायची. एकीने ठरवलं आणि दुसरीने ऐकलं नाही, तर अर्धं कोर्ट मोकळं पडतं. आणि सगळ्यांत अवघड चेंडू असतो तो दोघींच्या बरोबर मधून जाणारा. दोघींना वाटतं दुसरी घेईल, आणि तो कुणीच घेत नाही. कसलेल्या जोड्यांमध्ये हे आधीच ठरलेलं असतं. नवशिक्या जोड्या त्यावरून सामन्यानंतर भांडतात. आमच्या मते एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुणालाही हा मधला चेंडू वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

गुणांची पद्धतही निराळी. व्यावसायिक मालिकेतल्या दुहेरीत गेम बरोबरीत आला की एकच निर्णायक गुण खेळतात, आणि दोन सेटनंतर बरोबरी झाली तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. म्हणजे सावरायला जागा नाही. एक चूक, आणि गेम गेला. महिला दुहेरीत पूर्ण तिसरा सेट त्या वर्षांत खेळला जात होता तो ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये.

या खेळाची सानियाची तयारी २०१३ साली अचानक सुरू झाली नव्हती, ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. विम्बल्डनच्या मुलींच्या गटातलं विजेतेपद तिने सोळाव्या वर्षी, २००३ साली मिळवलं, ते दुहेरीतच. रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर. डब्ल्यूटीएचं पहिलं विजेतेपदही दुहेरीतलं, २००४ साली हैदराबादेत लिझेल ह्यूबरबरोबर. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक. २००९ मध्ये महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकून ती ग्रँड स्लॅम मिळवणारी पहिली भारतीय महिला झाली, आणि २०१२ मध्ये त्याच जोडीने फ्रेंच ओपन जिंकली. २०११ ला पॅरिसमध्येच एलेना वेस्निनाबरोबर ती महिला दुहेरीची अंतिम फेरी खेळली होती. ती मात्र हरली, आंद्रेया ह्लावाच्कोव्हा आणि लुसी ह्रादेका या चेक जोडीकडून. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

म्हणजे एकेरीच्या प्रकाशात ती असतानाही दुसरा दिवा मागे जळत होता. लोकांचं तिकडे लक्ष नव्हतं, तिचं होतं. पहिली वाट बंद झाली तेव्हा दुसरी नव्याने शोधायची वेळ तिच्यावर आली नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. दहावीचं वर्ष आलं की चित्रकला बंद, खेळ बंद, शिवणकाम बंद, दुकानावर बसणं बंद. सगळे दिवे विझवून एकच लावायचा, आणि तो विझला की घरभर अंधार.

एकेरी सोडल्यावर तिने पहिलं काम केलं ते योग्य साथीदार शोधण्याचं. झिम्बाब्वेची कारा ब्लॅक ही दुहेरीतली मुरलेली खेळाडू. तिच्याबरोबर २०१४ साली सिंगापूरला झालेली वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स सानियाने जिंकली, आणि अंतिम सामना ६-१, ६-० असा एकतर्फी. त्याच वर्षी ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी, तीही शेवटच्या टायब्रेकमध्ये ११-९ अशी. मग २०१५ च्या मार्चमध्ये तिची जोडी जमली स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसशी.

हिंगिसची गोष्टही या विषयाला धरूनच आहे. १९९७ साली सोळाव्या वर्षी ती एकेरीत जगात पहिली होती. पाच ग्रँड स्लॅम एकेरीत जिंकली. मग घोट्यांच्या दुखापतींनी तिला बाविसाव्या वर्षीच घरी बसवलं. ती परत आली, पुन्हा थांबली, आणि २०१३ मध्ये आली ती दुहेरी खेळायला. २००६ साली या दोघी एकेरीत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या होत्या. कोलकात्यात हिंगिस जिंकली होती, सोलमध्ये सानिया. आता त्या जाळीच्या एकाच बाजूला आल्या. एकीकडे ताकद, दुसरीकडे चलाखी. सानियाने मागून जोरदार फोरहँड मारून समोरच्यांना कोंडीत पकडायचं, आणि कसाबसा परत आलेला चेंडू हिंगिसने जाळीपाशी मोकळ्या जागेत ठेवून द्यायचा. दोघींचं एकमेकींवाचून अडत होतं. एकीचा हात जिथे कमी पडे तिथे दुसरीचा पुरे.

एकत्र खेळलेल्या पहिल्या तिन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या: इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्स्टन. तिसरी जिंकताच सानिया दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिली आली. तारीख १३ एप्रिल २०१५. डब्ल्यूटीए क्रमवारीत पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढे एकूण ९१ आठवडे ती त्या जागेवर राहिली.

त्याच वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना मुलांना दाखवावा असा आहे. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना. हीच ती वेस्निना, पॅरिसच्या अंतिम फेरीतली सानियाची जुनी जोडीदार. सानियाचा खेळ कुठे पक्का, कुठे कच्चा, हे तिच्याइतकं फार थोड्या जणींना माहीत असेल. पहिला सेट ५-७ असा गेला. दुसरा टायब्रेकमध्ये कसाबसा मिळाला. तिसऱ्यात या दोघी २-५ अशा मागे पडल्या. एक गेम आणखी गेला की संपलं. तिथून त्यांनी सलग तीन गेम घेतले. ५-५ झाले तेव्हा उजेड कमी झाला म्हणून खेळ थांबवून कोर्टावरचं छत बंद करण्यात आलं. छताखाली, दिव्यांच्या उजेडात त्या परत उतरल्या आणि ७-५ ने जिंकल्या. सानियाचं महिला दुहेरीतलं हे पहिलं ग्रँड स्लॅम. वय अठ्ठावीस.

दोनच महिन्यांनी अमेरिकन ओपन. २०१६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, आणि तिथे अंतिम फेरीत समोर कोण, तर ह्लावाच्कोव्हा आणि ह्रादेका. २०११ ला पॅरिसमध्ये हरवणाऱ्या त्याच दोघी. या वेळी निकाल उलटा लागला. तोवर सानिया-हिंगिस जोडीची विजयाची साखळी लांबत चालली होती. ती ४१ सामन्यांवर जाऊन तुटली, फेब्रुवारीत दोह्याला. तोडणाऱ्या जोडीतली एक होती वेस्निना. टेनिसच्या गावात फार माणसं नाहीत. आजची साथीदार उद्या समोर असते, म्हणून कुणाशी कसं वागलात हे तिथे विसरलं जात नाही.

याचा पुढचा धडा सानिया आणि हिंगिस यांनीच घालून दिला. २०१६ च्या उन्हाळ्यात निकाल पूर्वीसारखे येईनात. ऑगस्टमध्ये दोघींनी वेगळं व्हायचं ठरवलं. एकत्र चौदा विजेतेपदं झाली होती. लगेचच सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत त्या एकमेकींविरुद्ध आल्या, आणि बार्बोरा स्ट्रिकोव्हाबरोबर खेळणाऱ्या सानियाने तो सामना जिंकला. तोपर्यंत पहिला क्रमांक दोघींचा मिळून होता, तो त्या दिवसापासून एकट्या सानियाचा झाला. पण वर्षअखेरच्या फायनल्ससाठी त्या जोडी म्हणून पात्र ठरल्या होत्या, तेव्हा ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला दोघी पुन्हा शेजारी उभ्या राहिल्या आणि खेळल्या. भागीदारी संपली तरी हिशेब आणि सलाम-दुवा शाबूत ठेवता येतो. आपल्याकडे भावाभावांचं दुकान वेगळं झालं की ईदेला येणं-जाणंही बंद होतं, हे आम्ही पुष्कळ पाहिलं आहे.

आता पैशाचं आणि मानाचं. दुहेरीला जग कमी लेखतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून ३ लाख ४० हजार, म्हणजे वाटणीला १ लाख ७० हजार. एकेरीचा अकरावा हिस्साही नाही. टीव्हीवर एकेरी मोठ्या कोर्टावरून दाखवतात आणि दुहेरीला बाजूचं कोर्ट मिळतं. हे सगळं सानियाला ठाऊक होतं. तिने तक्रारीत वेळ घालवला नाही. जे काम हातात होतं त्यात जगात पहिलं यायचं, एवढंच धरलं. एकेरीत २७ वी असताना तिला जेवढी प्रसिद्धी होती, त्याहून मोठं स्थान तिने दुहेरीत कमावलं. २०१५ ला खेलरत्न आणि २०१६ ला पद्मभूषण मिळाला, तो या दुसऱ्या वाटेवर चालताना.

सगळंच मिळालं असंही नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोहन बोपण्णाबरोबर ती मिश्र दुहेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे हरली, मग कांस्यपदकाचा सामनाही हरली. चार ऑलिम्पिक खेळूनही पदक आलं नाही. दुसरी वाट धरली म्हणजे प्रत्येक दार उघडतंच, असं आम्ही म्हणत नाही. एकेरी सोडणारे खेळाडू शेकड्यांनी असतात आणि त्यांतले बहुतेक दुहेरीतही पहिल्या शंभरात येत नाहीत. म्हणून कष्टाला पर्याय नाही, आणि निवड डोळे उघडे ठेवून करावी लागते. आपला हात कुठे चालतो, शरीर आणि खिसा काय झेपवू शकतो, हे प्रामाणिकपणे बघावं लागतं.

तिची आणखी एक परीक्षा झाली ती आईपणात. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगा झाला, इझहान. त्याआधी वर्षभर गुडघ्याच्या दुखण्याने ती कोर्टाबाहेरच होती. बाळंतपणानंतर तिने तब्बल २६ किलो वजन उतरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये, दोन वर्षांहून जास्त काळाने, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला उतरली. युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर ती पहिलीच स्पर्धा तिने जिंकली. घरात लहान मूल असताना आईने कामावर परत जावं का, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवायचा असतो. पण ते जमतं का, या प्रश्नाचं एक उत्तर होबार्टला मिळालं. ते एकट्या आईच्या बळावर जमत नाही, हेही तितकंच खरं. तिच्या आईवडिलांचं घर तिच्या मागे उभं होतं.

आपल्या घरांमध्ये सानियाचा विषय निघाला की कपड्यांचा विषय निघतोच, म्हणून तोही टाळत नाही. २००५ साली काही मौलवींनी तिच्या खेळाच्या कपड्यांवर आक्षेप घेतला आणि वृत्तवाहिन्यांनी तो वाद कित्येक दिवस पेटता ठेवला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पेहरावाबाबत प्रत्येक घराचा आपला विचार असतो आणि त्याचा मान राखायला हवा. पण तो विचार मैदानाला कुलूप लावायचं निमित्त होऊ नये, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे. अमेरिकेची तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद हिजाब घालून २०१६ चं ऑलिम्पिक खेळली आणि संघाबरोबर कांस्यपदक घेऊन गेली. कपड्यांची वाट निघते. मुलीचं धावणं सातवी-आठवीत एकदा थांबलं, की ते परत सुरू होणं मात्र फार कठीण.

सानियाची शेवटची ग्रँड स्लॅम स्पर्धा २०२३ ची ऑस्ट्रेलियन ओपन. मिश्र दुहेरीत तिचा साथीदार होता रोहन बोपण्णा. ती चौदा वर्षांची असताना तिचा मिश्र दुहेरीतला पहिला साथीदार हाच रोहन होता, हे तिने अंतिम सामन्यानंतर भरल्या गळ्याने सांगितलं. तो सामना ते हरले. पुढच्याच महिन्यात दुबईला ती शेवटची स्पर्धा खेळली, तिथेही पहिल्याच फेरीत हार झाली. नावावर डब्ल्यूटीए दुहेरीची ४३ विजेतेपदं जमा करून ती थांबली.

या गोष्टीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाच्या शेजारी उभी राहून महिला दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली. दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्येही महिला दुहेरीत सानियाची साथीदार तीच होती. बार्शी काही टेनिसचं गाव नाही. तिथल्या मुलीला जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबरोबर खेळायला मिळालं, ते दुहेरी नावाचा खेळ आहे म्हणून. एकेरीत प्रत्येकीला स्वतःच्या क्रमवारीवरच उतरावं लागतं. दुहेरीत अनुभवी खेळाडू नवख्या मुलीचा हात धरून तिला मोठ्या मैदानावर नेऊ शकते.

बहुतेक तालुक्यांत आता क्रीडा संकुल आहे. कुठे कुलूपबंद, कुठे अर्धवट, पण आहे. या सुट्टीत मुलांना, आणि मुलांइतकंच मुलींना, एकदा तिथे घेऊन जा. टेनिस नसेल तर बॅडमिंटन असेल, कबड्डी असेल. प्रवेशाच्या रांगेत ज्याचं पहिलं नाव लागलं नाही, त्याला तर आवर्जून न्या. तिथे कुणीतरी एक जोडीदार शोधत उभा असतो.